“डोळे फुटले का तुझे?”



पोळा चार दिवसांवर आला. सोयाबीन शेंगांत आहे, कापसाला पाते-फुलं बरी लागलीत, पाऊस मात्र मधूनच दांडी मारतोय. बोंडअळीच्या सापळ्यांचं आणि पुढच्या फवारणीचं उद्या-परवा लिहितो. आज पिकाचं लिहिणार नाही. आज शाळेतल्या पोरांच्या डोळ्यांचं लिहायचंय. कुणी म्हणेल, शेतीच्या पानावर हे काय काढलं? शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

जुलैत आमच्या दिंद्रुडला एका शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. मी पुतण्याच्या पोराच्या कागदासाठी गेलो होतो, म्हणून तिथं सापडलो. व्हरांड्यात भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगलेला. तिथून वीस फुटांवर खडूची रेघ. वीस फूट म्हणजे आपल्या चार फुटी कापसाच्या पाच ओळी समजा. पोरं रांगेत. एक डोळा हातानं झाकायचा, तक्ता वाचायचा, मग दुसरा झाकायचा.

आमच्या गल्लीतली एक पोर आहे, तिसरीतली. आई-बाप ऊसतोडीला जातात. तिची पाळी आली. तिनं सगळी अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. मला वाटलं, नजर चांगली आहे पोरीची. सिस्टर मात्र मुरलेल्या. त्यांनी तक्ता उलटला आणि दुसरा लावला, त्यात नुसता इंग्रजी ई, कुठं उभा, कुठं आडवा, कुठं उलटा. म्हणल्या, “आता हाताची बोटं करून दाखव, काड्या कुणीकडं आहेत ते.” पोरीला वरच्या दोन ओळींच्या खाली काहीच सांगता येईना. पुढच्या पोरांनी म्हणलेली अक्षरं तिनं रांगेत उभ्या उभ्या पाठ केली होती.

सिस्टर रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, “बाळा, पाठ कशाला केलं?”

पोर म्हणली, “नाही आलं तर मारतेत म्हणून.”

मला तिथं उभं राहवलं नाही. मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. कारण हेच उत्तर माझ्या घरात एकदा मिळालं असतं, जर मी विचारलं असतं तर.

२००७ चा हिवाळा. माझा थोरला पाचवीत. रब्बी ज्वारी चिकात आलेली. सुट्टीच्या दिवशी पाखरं राखायला मी त्याला मचाणावर उभा केला, गोफण दिली. मी विहिरीवरून बघतोय तर बांधाकडच्या पाच-सहा ओळींवर साळुंक्यांचा थवाच्या थवा उतरलेला, आणि हा दुसरीकडंच तोंड करून हाऽ हाऽ करतोय. मी पळत गेलो, खाली ओढला आणि दोन ठेवून दिल्या. “डोळे फुटले का तुझे? एवढा थवा दिसत नाही?”

तो म्हणला, “नाही दिसला, अण्णा.”

मला वाटलं, निमित्त सांगतोय.

आपल्याकडं हे वाक्य घराघरात आहे. ताटाला पाय लागला, डोळे फुटले का. शेरडू पिकात शिरलं, डोळे फुटले का. आपण ते राग काढायला म्हणतो, उत्तर ऐकायला कुणी म्हणत नाही. त्या दिवशी पोरानं खरं उत्तर दिलं होतं.

नंतर आठवायला लागलं की खुणा सगळ्या समोर होत्या. फळ्यावरचं उतरवताना सातचा एक करायचा. वहीतलं पुस्तकातलं मात्र बिनचूक. उंच म्हणून मागच्या बाकावर बसायचा, आणि शाळेतून निरोप यायचा की लक्ष नाही. टीव्ही बघायला पार पडद्याला नाक लावायचा. क्रिकेटमध्ये झेल सुटायचे, म्हणून पोरांनी त्याला धावा मोजायला बसवलं होतं. लांबून माणूस येताना दिसला की डोळे बारीक करायचा, आणि माणूस बोलला की मगच “राम राम” म्हणायचा. पाहुणे म्हणायचे, पोरगं जरा शिष्ट आहे.

कळलं ते असंच, न ठरवता. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी अंबाजोगाईला गेलो, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. म्हातारीला हात धरायला म्हणून पोराला घेतलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं की हा भिंतीवरची पाटी डोळे बारीक करून वाचतोय. म्हणले, “याला बसवा जरा खुर्चीवर.” डोळ्यात औषध टाकलं, बाहुली मोठी केली, ती लोखंडी फ्रेम नाकावर ठेवून एकेक काच घालून बघितली. उजव्या डोळ्याला उणे अडीच. डाव्याला उणे सात.

फ्रेम तशीच ठेवून त्याला खिडकीपाशी नेलं. तो बघत राहिला आणि म्हणला, “अण्णा, त्या पाण्याच्या टाकीला शिडी आहे.” टाकी त्याला तोवर नुसता एक ठिपका होती.

पण डाव्या डोळ्याचं गणित वेगळंच निघालं. काच बरोबर घातली तरी त्या डोळ्याला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं कळायचं. डॉक्टर म्हणले, “हा आळशी डोळा. पाच-सहा वर्षांचा असताना आला असता तर चित्र वेगळं असतं.”

आळशी डोळा म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. लहानपणी आपण भिंग उन्हात धरून कागद जाळायचो. भिंग बरोबर अंतरावर असलं तरच उन्हाचा बारीक ठिपका कागदावर पडतो. डोळ्यातही तसंच. पुढं भिंग, मागं पडदा. डोळा जरा लांबट वाढला की ठिपका पडद्याच्या अलीकडंच पडतो, आणि लांबचं धूसर दिसतं. याला उणे नंबर म्हणतात. चष्म्याची काच तो ठिपका मागं सरकवून पडद्यावर नेऊन टाकते. इतकं साधं काम आहे.

पण दिसतं ते डोळ्याला नाही, मेंदूला. लहान वयात डोळा चांगलं चित्र पाठवतो, तेव्हाच मेंदू बघायला शिकतो. एका डोळ्याचं चित्र वर्षानुवर्षं धूसर आलं तर मेंदू त्या डोळ्याकडं लक्ष देणंच सोडतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. कॅनॉलच्या चारीला वर्षानुवर्षं पाणी सोडलंच नाही तर चारी गवतानं बुजते. मग गेट उघडलं तरी पाणी टोकापर्यंत जात नाही. तसंच हे. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावलं, तर बहुतेक पोरांची नजर चांगली सुधारते. नंतरही थोडाफार फायदा होतो, म्हणून मोठ्या पोरालाही दाखवायचंच. पण जितका उशीर तितकं पदरात कमी.

आम्हाला पट्टी दिली होती. शाळेत पोरं चिडवायला लागली. दोन महिन्यांत त्यानं पट्टी सोडली. मी आग्रह धरला नाही. लागवडीची घाई होती. हेही माझ्याच खात्यावर लिहा.

पुढं तो आपल्या भागातल्या पोरांसारखाच भरतीच्या मागं लागला. पहाटे चारला उठून रोडनं पळायचा. सैन्यभरतीत सोळाशे मीटर मारलं, सगळं मैदान काढलं, आणि डोळ्याच्या तपासणीला बाहेर. घरी आला, बूट खुंटीला अडकवले, दुसऱ्या दिवशी मोटर चालू करायला गेला. आज ठिबक, फवारणी, हिशेब सगळं तोच बघतो. मला एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं सांगतोय ते रडायला नाही. मुद्दा एकच आहे. पोराला कमी दिसत असलं तर पोरगं ते सांगत नाही. का सांगत नाही? कारण त्याला ठाऊकच नसतं. जन्मापासून जग धूसरच बघितलं तर त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसत असेल. आणि ज्याला थोडं कळतं ते मार बसंल म्हणून अक्षरं पाठ करतं. एक डोळा चांगला असला तर आई-बापालाही सुगावा लागत नाही, कारण दोन्ही उघडे ठेवून काम चालतं. म्हणून वाट बघून चालत नाही. आपणच तपासायचं.

बैल घेताना आपण काय करतो? दात मोजतो, खूर बघतो, चालवून बघतो, डोळ्यापुढं गमजा हलवतो. दोन्ही डोळ्यांपुढं, वेगवेगळा. चार दिवसांनी पोळ्याला त्याच बैलाचे डोळे धुवू, शिंगं रंगवू. घरातल्या पोराचा एक डोळा झाकून दुसऱ्यानं कॅलेंडर वाचायला लावलंय का कुणी?

गावात डोळ्याचं शिबिर म्हणलं की डोळ्यापुढं म्हातारी माणसं येतात. मोतीबिंदू, काळा चष्मा, हिरवी पट्टी. आपल्या मराठवाड्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव घराघरात गेलं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनांमुळं. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्सचं नेत्र रुग्णालय, इथंही आपण म्हाताऱ्यांना घेऊन जातो. ते बरोबरच आहे. पण मोतीबिंदू चार महिने थांबला तर ऑपरेशन झाल्यावर म्हातारीला बहुतेक वेळा पुन्हा दिसतं. पोराची चार वर्षं गेली तर ती परत येत नाहीत. घाई कुणाची जास्त, तुम्हीच सांगा.

आणि सोय नाही असंही नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. त्यात शाळेतल्या पोरांचे डोळे तपासणं आणि नंबर निघालेल्यांना मोफत चष्मा देणं बसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी आहे. पथकात दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधं देणारे, आणि गाडी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतात. डोळेच नाही, हृदय, कान, दात, रक्त कमी असणं, सगळं बघतात. काही सापडलं की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात. नेत्रचिकित्सा अधिकारी नावाची माणसं ग्रामीण रुग्णालयात बसतात, त्यांचं कामच नंबर काढायचं आहे.

मग आमच्या गल्लीतली पोर तिसरीपर्यंत कशी सुटली?

इथं आपल्या बीडचं दुखणं आहे. शाळेत पथक वर्षातून एकदा येतं. मागच्या वर्षी आलं ते संक्रांतीच्या आसपास. तेव्हा पोर शाळेत नव्हती, कारखान्याच्या कडेला कोपीवर होती, आई-बापाबरोबर. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. आपल्याकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि शिमगा-पाडव्यानंतर येतात. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष ही पोरं इथं नसतात. पथकाची चूक नाही, त्यांना शेकडो शाळा आणि अंगणवाड्या फिरायच्या असतात. शाळेचीही नाही. पटावर नाव आहे, पोरगं हजर नाही, इतकंच कागदावर येतं. पण ज्याला सगळ्यात जास्त गरज तेच पोरगं तपासणीतून दर वर्षी निसटतं. यंदा पथक जुलैत आलं म्हणून ती सापडली. नुसतं नशीब.

पेरणीची तारीख चुकली तर कितीही खत टाका, उतारा हुकतोच. हेही तसंच. तपासणी चांगली आहे, पण तारीख पिकाला धरून नाही. बीडच्या गावांत शाळेची डोळ्यांची तपासणी १५ जून ते दसरा यातच झाली पाहिजे. ज्या गावातून टोळ्या जातात ती गावं आधी, बाकीची नंतर. याला जास्तीचा पैसा लागत नाही, फक्त दौऱ्याचा क्रम बदलावा लागतो.

आता पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण खरी गोष्ट चष्मा मिळाल्यावर सुरू होते.

चिठ्ठी घेऊन तिची आजी माझ्याकडं आली. आई-बाप तेव्हा खुरपणीला. मी आणि आक्का पोरीला घेऊन तालुक्याला गेलो. डोळ्यात औषध टाकूनच नंबर काढला. लहान पोरांचा नंबर असाच काढायचा असतो, नाहीतर त्यांचा डोळा ताण देऊन खरा नंबर लपवतो. दोन्ही डोळ्यांना उणे तीनच्या आसपास. दोन्हींचा सारखाच, म्हणून आळशी डोळा नाही. मी हात जोडले. तीन आठवड्यांनी चष्मा आला, गुलाबी फ्रेमचा.

परवा बघतो तर पोर शेरडामागं चाललीय आणि चष्मा नाही. विचारलं तर म्हणली, “आईनं पेटीत ठेवलाय. दिवाळीला घालायचाय.”

नवीन कपडा ठेवतात तसा चष्मा ठेवला होता.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. थोरलाही बरोबर आला. पोरीची आई म्हणली, “तात्या, फुकटचा हाय पण नवा हाय. फुटला तर परत कोण देतंय? फडावर तर हरवंलच.” आक्काचं वेगळंच होतं. “पोरीची जात हाय. आत्तापासनं चष्मेवाली म्हणून नाव पडंल. उद्या सोयरीक जमवायला कुणाच्या दारात जायचं?” बाप म्हणला, “लहान हाय अजून. चष्मा लावला की नंबर वाढत जातो म्हणतेत. मोठी झाल्यावर लावू.”

मी जमेल तेवढं सांगितलं. चष्म्यानं नंबर वाढत नाही. पोर वाढते तसा डोळा वाढतो, म्हणून नंबर वाढतो, चष्मा लावा नाहीतर नका लावू. चष्मा नाही लावला तर फक्त शिकणं बुडतं. पण मी सांगतोय आणि ते माना हलवतायत, एवढंच चाललं होतं. आपल्याला माहीत आहे हे. कृषी सहायक बांधावर येतो, आपण मान हलवतो, आणि तो गेला की आपलंच करतो.

तेव्हा थोरला बोलला. त्यानं आपला चष्मा काढला नाही, फक्त उजवा डोळा हातानं झाकला. पोरीच्या बापाकडं तोंड करून म्हणला, “दाजी, मी आता एका डोळ्यानं बघतोय. चष्म्यासकट. तुम्ही समोर बसलात, पण तोंडावरचं नाक-डोळे मला कळत नाहीत. आवाजावरून कळतंय की तुम्ही आहात. हा डोळा आता कुठल्या चष्म्यानं व्हायचा नाही. हिचे दोन्ही होतेत. नुसते पेटीतनं काढायचेत.”

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. सतरा-अठरा वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही. त्याला त्या डोळ्यानं किती दिसतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दाजी काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि डबी घेऊन आले.

माझं भाषण कामाला आलं नाही, हे मुद्दाम लिहितोय. कृषी विद्यापीठातली, कृषी विभागातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना प्लॉटची भाषा कळते, म्हणून एक सांगतो. चीनच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत २५२ प्राथमिक शाळा घेऊन असाच प्रयोग झाला. २०१४ मध्ये तो छापून आला. शाळांचे तीन गट चिठ्ठ्या टाकून पाडले, आपण ट्रीटमेंट पाडतो तसे. एका गटाला नुसती नंबरची चिठ्ठी, दुसऱ्याला चष्म्याचं कुपन, तिसऱ्याला शाळेतच फुकट चष्मा. वर्षाच्या शेवटी गणिताची परीक्षा घेतली. फुकट चष्मा मिळालेल्या गटाचे गुण नुसत्या चिठ्ठीवाल्यांपेक्षा वर निघाले. शिकवणी नाही, नवीन पुस्तक नाही, फक्त काच. पण त्यातलीच दुसरी गोष्ट महत्त्वाची. न सांगता अचानक जाऊन बघितलं, तर फुकट चष्मा मिळालेल्या पोरांपैकीही निम्म्याहून कमी पोरांच्या डोळ्यावर चष्मा होता. म्हणजे आमच्या गल्लीतली पेटी चीनमध्येही आहे. बियाणं वाटलं म्हणजे पेरलं असं होत नाही. वाटपाचे फोटो निघतात. महिन्याभरानं जाऊन कुणी बघत नाही.

आता कामाच्या गोष्टी. घरी करून बघा.

एक, घरातल्या प्रत्येक पोराला दारात उभं करा. तळहातानं एक डोळा झाका. बोटांच्या फटीतून बघतात पोरं, म्हणून तळहात. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा, लांबच्या दुकानाची पाटी, खांबावर किती तारा आहेत ते विचारा. मग दुसरा डोळा. दोन डोळ्यांत फरक वाटला की लगेच दवाखाना. दोन्हींनी तुम्हाला दिसतं ते त्याला दिसत नसलं तरी दवाखाना.

दोन, खुणा ओळखा. डोळे बारीक करून बघणं, मान वाकडी करून बघणं, वही नाकाला लावणं, फळ्यावरचं चुकीचं पण पुस्तकातलं बरोबर, वारंवार डोकं दुखणं, डोळे चोळणं, अंधार पडला की ठेचकाळणं. तिरळेपणा असला तर “मोठा झाला की सरळ होईल” म्हणून थांबू नका. बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच दिवशी निघा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

तीन, रातांधळेपणासाठी अ जीवनसत्त्वाचा डोस. नऊ महिन्यांना पहिला, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळतो. ऊसतोडीत हाही चुकतो. बांधावरचा शेवग्याचा पाला, पपई, गाजर, पालेभाज्या पोरांच्या पोटात जाऊ द्या. पण गाजरानं चष्म्याचा नंबर उतरत नाही. नंबर घालवणारं कुठलंही थेंबाचं औषध नाही, जाहिरातीत काहीही सांगू देत.

चार, पोरांना उजेडात खेळू द्या. चीनमधल्याच ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या पोरांना रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर मोकळ्यावर काढली. तीन वर्षांनी त्यांच्यात नवीन उणे नंबर लागलेली पोरं ३० टक्क्यांच्या आसपास, आणि ज्यांना नाही काढलं त्यांच्यात ४० च्या जवळ. त्यांना त्यासाठी तास लावावा लागला. आपल्याकडं ऊन, रान सगळं फुकट आहे, आणि पोरं मात्र दुपारभर खाटेखाली मोबाईल घेऊन पडलेली असतात.

पाच, शेतातलं. फवारणीचा थेंब पोराच्या डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, मग औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन दवाखाना. पऱ्हाटीची काडी लागली, कुसळ गेलं, तर दूध, मध, तूप, जिभेनं काढणं यातलं काही करायचं नाही. चोळायचं नाही.

सहा, आणि हे टोळीवाल्यांसाठी. चष्म्याच्या नंबरची पर्ची मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. शाळेतून स्थलांतराचं शिक्षण हमी कार्ड घ्याल तेव्हा त्याच्याबरोबर पर्चीची झेरॉक्स जोडा. चष्मा फडावर फुटला तर तिथल्या गावात त्या पर्चीवर दुसरा करता येतो. आणि दर वर्षी गावाकडं आल्यावर पुन्हा नंबर तपासा, कारण वाढत्या पोराचा बदलतो. पोरांना गावातच ठेवून जाणार असाल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दसऱ्याच्या आधी करा, आणि आजीला सांगून जा की चष्मा रोज घालायचा असतो, सणाला नाही.

यंदा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. पुढच्या वर्षी जूनमध्येच पथकाला पत्र द्यायचं, आणि शाळा व्यवस्थापन समितीनं टोळीच्या पोरांची यादी वेगळी काढून ठेवायची. लोकांनी बरं म्हणलं. लिहून घेतलं की नाही ते बघतोय. तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर २ ऑक्टोबरची ग्रामसभा अजून हातात आहे. काही वर्षी दसरा त्याच्या आगेमागेच येतो, म्हणून गुरुजींना आत्ताच गाठा.

पोर आता चष्मा घालते. पहिले दोन दिवस जमीन खालीवर होते म्हणत होती, आता सवय झाली. शाळेत पहिल्या बाकावरून तिला तिसऱ्यावर बसवलंय. पण मुकादमाची उचल तिच्या बापानं घेतलीय. दसरा झाला की निघतील. पोर आक्काजवळ राहणार की कोपीवर जाणार, अजून ठरलेलं नाही. माझ्या फवारणीच्या वहीत शेवटच्या पानावर तिचा नंबर लिहून ठेवलाय. त्याच्याखाली थोरल्याचा डावा आणि उजवा, दोन्ही. हे अठरा वर्षांपूर्वी लिहायला पाहिजे होतं.

त्या मचाणावरच्या दोन थपडांबद्दल मी काल थोरल्याला बोललो. तो म्हणला, “अण्णा, तेवढ्या ज्वारीत पाखरांनी किती खाल्लं असंल? पायली-दोन पायली.” आणि ठिबकची नळी बघायला गेला.

पोरगं चुकलं तर हात उचलायच्या आधी एकदा त्याला विचारा, तुला दिसतंय का? आणि त्यानं “नाही दिसत” म्हणलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

सापळ्यांचं उद्या लिहितो. राम राम.